हळू चेंडूचे कडक नियम: स्लो-पिच सॉफ्टबॉलमध्ये कुठली फेक चालते आणि कुठली नाही

“एवढा सावकाश चेंडू, तोही हवेत उंच उडवून टाकलेला. त्यात नियमाबाहेर काय असणार?”

आमच्या लीगमध्ये नवा येणारा जवळजवळ प्रत्येक मराठी मुलगा पहिल्या आठवड्यात हे विचारतो. लहानपणापासून क्रिकेट खेळलेला असतो, ताशी १४० किलोमीटरची गोलंदाजी टीव्हीवर बघत वाढलेला असतो. अमेरिकेत आल्यावर ऑफिसातलं कुणीतरी त्याला मंगळवारच्या सॉफ्टबॉलला ओढून आणतं. समोर पन्नाशीच्या एक बाई खालून अलगद चेंडू उडवतात. चेंडू वर जातो, खाली यायला लागतो, तेवढ्यात मागून पंच ओरडतो, “इल्लीगल!” आणि मुलगा बॅट धरून तसाच उभा राहतो.

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या पार्क विभागाच्या मिक्स, म्हणजे बायका-पुरुष एकत्र खेळतात अशा लीगमध्ये मी नऊ सीझन खेळले, आणि गेली तीन वर्षं पंच म्हणून होम प्लेटमागे, म्हणजे बॅटरजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीमागे, उभी राहते. त्या एका शब्दामागे काय काय असतं, हे मला दर मंगळवारी कुणाला ना कुणाला समजावावं लागतं. एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं.

महाराष्ट्रात शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांच्या डोळ्यांसमोर वेगळाच खेळ येईल. जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांत आपण खेळतो तो फास्ट-पिच. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, हात चक्रासारखा पूर्ण फिरवते आणि चेंडू मांडीजवळून बंदुकीतून सुटल्यासारखा येतो. मी शाळेत कॅचर होते, म्हणजे क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखी बॅटरच्या मागे. मॅच दुपारी संपायची, पण डाव्या तळहाताची लाली संध्याकाळपर्यंत उतरायची नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत बायकांच्या फास्ट-पिचमध्ये पिचर आणि होम प्लेट यांच्यात ४३ फूट अंतर असतं, पुरुषांच्या ४६. एवढ्या जवळून अमेरिकेच्या मोनिका ॲबटने २०१२ मध्ये ताशी ७७ मैलांचा, म्हणजे १२४ किलोमीटरचा चेंडू टाकला होता.

फास्ट-पिचमध्ये चांगला पिचर सगळा खेळच खाऊन टाकू शकतो. एडी फाइनर नावाच्या पिचरने फक्त चार जणांची टीम घेऊन देशभर सामने केले. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममधल्या प्रदर्शनी सामन्यात त्याने विली मेज, रॉबर्टो क्लेमेंटे यांच्यासह बेसबॉलचे सहा नामांकित बॅटर ओळीने स्ट्राईक-आउट केले, म्हणजे तीन-तीन स्ट्राईकवर बाद केले. बघायला हे विलक्षण असेल. पण कामावरून सुटून आलेल्या वीस माणसांना संध्याकाळी दीड तास खेळायचं असेल, तर असा पिचर काय कामाचा? कुणाच्या बॅटला चेंडूच लागणार नाही आणि मैदानातले बाकीचे नुसते उभे राहतील.

म्हणून स्लो-पिच. मुंबईच्या गल्लीत अंडरआर्म क्रिकेट खेळलेल्यांना ही कल्पना लगेच कळेल. चेंडू खालून टाकायचा, तो बॅटला लागायला हवा, आणि खरी मजा त्यानंतरच्या धावाधावीत आणि फिल्डिंगमध्ये. स्लो-पिचमध्ये मैदानात नऊऐवजी दहा जण असतात ते याचसाठी, कारण चेंडू सतत मैदानात येत राहतो. हे मनात धरलं की फेकीचे सगळे नियम एका सूत्रात बसतात. बॅटरला मारता येईल असाच चेंडू पिचरने द्यायचा. त्या हद्दीत राहून तो बॅटरला जेवढं अवघड करू शकेल तेवढं त्याचं कौशल्य.

नियमपुस्तकं अनेक आहेत. मी सांगते ते मुख्यतः यूएसए सॉफ्टबॉलचं. ही संस्था १९३३ ची, पूर्वी अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन म्हणून ओळखली जायची, २०१७ पासून नाव बदललं. तुमची लीग दुसरं पुस्तक वापरत असेल तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

सगळ्यात जास्त वाद होतो तो कमानीवर. चेंडू हातातून सुटल्यावर जमिनीपासून किमान ६ फूट उंच गेला पाहिजे, आणि १० फुटांच्या वर जाता कामा नये. उंची मोजायची ती जमिनीपासून. पिचरच्या हातापासून नाही आणि बॅटरच्या डोक्यापासूनही नाही. आपल्याकडच्या फ्लॅटचं सिलिंग साधारण साडेनऊ-दहा फुटांवर असतं, बास्केटबॉलची रिंग बरोबर दहा फुटांवर. घरातल्या पंख्याला चुकवून, सिलिंगला न लावता चेंडू पलीकडे पोचवायचा आहे अशी कल्पना करा, कमान बरोबर जमेल.

पण सहाच का आणि दहाच का? शाळेतलं पदार्थविज्ञान आठवून मी एकदा कागदावर हिशेब केला, आणि तेव्हापासून हा नियम मला फार आवडायला लागला. स्लो-पिचमध्ये पिचिंग प्लेट, तिला सगळे रबरच म्हणतात, होम प्लेटपासून ५० फुटांवर असते. चेंडू मांडीच्या उंचीवरून सुटला आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर दहा फुटांपर्यंत जाऊन बॅटरच्या गुडघ्यापर्यंत यायला त्याला साधारण १.४ सेकंद लागतात. म्हणजे पुढे जाण्याचा वेग ताशी जेमतेम ४० किलोमीटर. तोच चेंडू सहा फुटांचीच कमान घेऊन आला तर एका सेकंदाच्या आत पोचतो, वेग ताशी ५५ च्या थोडा वर. अंतर ठरलेलं, कमान ठरलेली, मग वेग पिचरच्या हातात उरतच नाही. नियमात ‘मध्यम वेगाने’ टाका असं वेगळं लिहिलेलं आहे आणि ते पंचाच्या मतावर सोडलं आहे. फारच जोरात टाकणाऱ्याला एकदा समज द्यायची, पुन्हा केलं तर त्या सामन्यात त्याने पिचिंग करायचं नाही. पण तीन वर्षांत मला हा नियम एकदाही वापरावा लागलेला नाही. सहा फुटांची अटच वेगाला लगाम घालते.

वरची मर्यादा वेगळ्या कारणासाठी लागते. चेंडू जितका उंच जाईल तितका तो खाली येताना उभा येतो. दहा फुटांची कमान असेल तर बॅटरपाशी तो साधारण ३२ अंशांनी उतरतो, बारा फुटांची असेल तर ३८ अंशांनी. बॅट फिरते जवळजवळ आडवी. तिरका येणारा चेंडू बॅटच्या वाटेत बराच वेळ राहतो, उभा कोसळणारा क्षणभरच. म्हणून बॅटरला चेंडू खालून कापला जातो आणि सोपा झेल वर उडतो. सहा फुटांवरची फेक जवळपास १७ अंशांनीच उतरते, ती मारायला सोपी, म्हणून चांगले पिचर कायम दहाच्या अगदी खाली खेळत राहतात. काही लीगमध्ये, विशेषतः ज्येष्ठांच्या, बारा फुटांपर्यंत चालतं. तिथे पिचरला थोडं जास्त हत्यार मिळतं.

उंची मोजायला पंचाकडे काही साधन नसतं, नुसती नजर. त्यामुळे साडेनऊ की साडेदहा यावर भांडण होणारच. मी एवढंच बघते की पहिल्या इनिंगला जे दहा मानलं तेच सातव्या इनिंगलाही दहा मानलं का. पंच सातत्याने चुकला तरी पिचर जुळवून घेतात. कधी इकडे, कधी तिकडे असं झालं की मैदान तापतं.

आता पाय. चेंडू हातातून सुटेपर्यंत एक पाय, पिव्हट फूट, रबरला टेकलेला हवा. दुसऱ्या पायाने पाऊल टाकायचं तर पुढे, मागे, बाजूला कुठेही टाका, न टाकलं तरी चालतं. एवढा साधा नियम, तरी सगळ्यात जास्त तोच मोडला जातो, आणि बहुतेक वेळा लबाडीने नव्हे, भीतीने.

भीती खोटी नाही. यूएसए सॉफ्टबॉलच्या मान्यताप्राप्त बॅटला मारलेल्या चेंडूच्या वेगाची ताशी ९८ मैलांची चाचणी-मर्यादा आहे. त्या वेगाने चेंडू सरळ परत आला तर ५० फूट पार करायला त्याला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. पापणी लवेपर्यंत तो छातीशी. बारा इंची सॉफ्टबॉलचा घेर साडेतीस सेंटीमीटर, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा बराच मोठा आणि वजनालाही जास्त. नाव ‘सॉफ्ट’ असलं तरी तो मऊ नसतो. खेळ सुरू झाला तो १८८७ मध्ये शिकागोत. तिथे फारागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हँकॉकने बॉक्सिंगचा ग्लोव्ह गुंडाळून चेंडू केला होता. तो खरोखर मऊ असेल.

म्हणून शहाणे पिचर फेकल्या फेकल्या चार पावलं मागे धावतात आणि ग्लोव्ह छातीसमोर आणतात. ते अगदी योग्य आहे. गडबड होते ती मागे जायच्या घाईत चेंडू सुटायच्या आधीच पाय रबरवरून उचलला जातो तेव्हा. आमच्या लीगमधल्या एक बाई, अठरा वर्षं पिचिंग करणाऱ्या, यावर छान युक्ती सांगतात. त्या पहिल्यापासूनच मोकळा पाय मागे ठेवून उभ्या राहतात, पिव्हट फूटची नुसती बोटं रबरवर. चेंडू सुटला की वजन आधीच मागच्या पायावर असतं, उडी मारावी लागत नाही. त्यांच्या डाव्या बुटाच्या टोकाला रबराची पांढरी धूळ कायम लागलेली दिसते. काही लीगनी याच भीतीपोटी रबरच्या मागे सहा फूट खोल चौकोन आखून दिला आहे आणि त्यातून कुठूनही टाकायला परवानगी दिली आहे. मला हा बदल मनापासून पटतो. आणि चौकोन असो वा नसो, पिचरने फेस मास्क घालायलाच हवा. आमच्याकडे तो सक्तीचा नाही, व्हायला हवा.

फेक सुरू करायच्या आधी थांबायचं असतं, हे नवख्यांना कुणी सांगतच नाही. रबरवर उभं राहून, बॅटरकडे तोंड करून, चेंडू अंगासमोर धरून किमान एक सेकंद पूर्ण स्तब्ध. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. बॅटरला तयार व्हायला वेळ मिळावा म्हणून हा थांबा. चेंडू कॅचरकडून आला आणि चालता चालता टाकला, तर कमान कितीही सुंदर असो, फेक अवैध. बॅटर अजून नीट उभाच राहिला नसताना घाईने टाकणं हा तर त्याच्यावर उघड अन्याय आहे.

थांबल्यानंतर हात एकदा हलला की मग मागे फिरणं नाही. हात मागे न्या, डोक्यावरून न्या, आवडेल तसा वाइंडअप घ्या, पण गती अखंड हवी. मध्येच थबकणं, उलटं फिरणं, टाकायचा आव आणून न टाकणं, हे काही चालत नाही. हात पुढे येताना कमरेजवळून पहिल्यांदा जाईल तेव्हाच चेंडू सुटला पाहिजे, आणि अर्थात खालून. एकदा झुलवून, दुसऱ्यांदा झुलवून मग टाकणं ही गल्लीतली सवय इथे सोडावी लागते.

काय काय चालतं, तेही सांगायला हवं, नाहीतर पिचरला सगळीकडून बांधूनच टाकलंय असं वाटेल. चेंडूला फिरकी देता येते. पुढे फिरवा, मागे फिरवा, बाजूला वळवा. बोटांच्या पेरांनी धरून अजिबात न फिरणारा ‘नकल’ टाका, तो हवेत डुलत येतो. उंची सहा आणि दहाच्या मध्ये हवी तशी बदला, जागा बदला, प्लेटच्या मागच्या कडेला टाका. आमच्याकडच्या उत्तम पिचरांचे चेंडू सगळे सारखेच दिसतात आणि एकही सारखा पडत नाही. मिक्स लीगमध्ये आणखी एक कसब लागतं. पुरुष बॅटरला बारा इंची चेंडू आणि बायकांना अकरा इंची, म्हणजे हातातला चेंडू सतत बदलत राहतो. लहान चेंडू त्याच जोराने सोडला की कमान बिघडते. पुरुषांना अचूक टाकणारे कितीतरी पिचर पुढच्याच बाईला इल्लीगल टाकताना मी पाहिले आहेत.

आता निकाल. फेक अवैध दिसली की पंच डावा हात मूठ बंद करून आडवा सरळ धरतो आणि मोठ्याने “इल्लीगल” म्हणतो. खेळ तिथे थांबत नाही. बॅटरने बॅट फिरवली नाही तर चेंडू प्लेटवर कुठूनही गेलेला असो, एक ‘बॉल’ मोजला जातो. असे चार झाले की बॅटरला न मारताच बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा टप्पा, मिळतो; त्याला ‘वॉक’ म्हणतात. बॅट फिरवली तर पंचाचा पुकार विसरायचा. जे झालं ते झालं. फटका, झेल, फाउल, सगळं खरं.

इथेच मागच्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ आठवते. सांगलीचा एक मुलगा बॅटिंगला, तीन बॉल, एक स्ट्राईक, दोन आउट. पिचरने उंच टाकला. चेंडू माथ्यावर असतानाच मी हात काढून ओरडले. मुलाने पूर्ण ताकदीने बॅट फिरवली, चेंडू खालून कापला गेला आणि शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरने, दोन पावलांवर झेल घेतला. इनिंग संपली.

“ताई, तुम्हीच इल्लीगल म्हणालात ना?” तो हेल्मेट काढत माझ्याकडे आला.

“म्हणाले. पण तू बॅट फिरवलीस रे.”

“मग इल्लीगल असून काय उपयोग?”

“तू ती सोडली असतीस तर चौथा बॉल झाला असता. आणि मिक्समध्ये पुरुषाला वॉक मिळाला की दोन बेस. आत्ता तू सेकंडवर उभा असतास.”

त्याने सेकंड बेसकडे पाहिलं. त्याच्यानंतर बॅटिंगला बाई होती, आणि दोन आउट असल्यामुळे तिला बॅटिंग न करता थेट पहिल्या बेसवर जायचीही मुभा मिळाली असती. दोघं बेसवर, पुढचा बॅटर आमच्या लीगमधला सगळ्यात लांब मारणारा. एका न सोडलेल्या चेंडूत एवढं सगळं गेलं. दोन बेसचा हा नियम मुद्दाम केलेला आहे, म्हणजे बाईशी खेळणं सोपं जाईल असं समजून पिचरने तिच्या आधीच्या पुरुषाला वॉक देऊ नये.

त्या रात्री घरी आल्यावर मी पुन्हा कागद काढला. बारा फुटांच्या फेकीला माथा गाठल्यावर खाली यायला अजून पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ असतो. त्यात पंचाने ओरडायचं, बॅटरने ऐकायचं आणि ठरवायचं. कठीण आहे, पण सरावाने जमतं. उलट, कमान पाच फुटांतच संपलेली चपटी फेक असेल तर माथ्यानंतर अर्धा सेकंदही उरत नाही, आणि ती सहापर्यंत पोचली नाही हे पंचाला कळेपर्यंत बॅट निघालेली असते. म्हणून माझं म्हणणं असं: उंच फेकीसाठी कान उघडे ठेवा. चपटीसाठी पंचाची वाट बघू नका. चेंडू तुमच्या नजरेच्या रेषेत सरळ येताना दिसला तर सोडून द्या किंवा मनापासून मारा, मध्येच थबकू नका.

अजून एक गोंधळ दूर करायला हवा. अवैध फेक आणि चुकलेली फेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमान बरोबर, पाय बरोबर, पण चेंडू बॅटरच्या मागच्या खांद्याच्या वर किंवा पुढच्या गुडघ्याच्या खाली गेला, नाहीतर प्लेटच्या बाहेरून गेला, तर तो साधा बॉल. तिथे हात आडवा होत नाही. बऱ्याच मनोरंजनाच्या लीगमध्ये प्लेटच्या मागे एक मॅट टाकतात. वैध कमानीचा चेंडू मॅटवर किंवा प्लेटवर पडला की स्ट्राईक. खांदा-गुडघ्याचा वादच नको म्हणून काढलेली ही सोय आहे, आणि नवख्या पंचांसाठी मोठा दिलासा. मूळ पुस्तकात मात्र प्लेटवर टप्पा पडलेला चेंडू बॉलच असतो. दोन लीगमध्ये खेळणारे इथे हमखास फसतात.

सराव करायचा असेल तर मैदान लागत नाही. शेजारच्या बास्केटबॉल कोर्टवर जा. रिंग बरोबर मधोमध येईल असे दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस फूट मोजून खडूने खुणा करा. एका खुणेवर रबर, दुसरीवर जुनं पायपुसणं. चेंडू रिंगच्या कडेला लागू न देता तिच्या किंचित खालून जाऊन पायपुसण्यावर पडला पाहिजे. आमच्या त्या अठरा वर्षांच्या अनुभवी बाई एप्रिलमध्ये सीझन सुरू व्हायच्या आधी दोन आठवडे रोज संध्याकाळी पन्नास अशा फेकी टाकतात, पंचवीस मोठ्या चेंडूने आणि पंचवीस लहान.